दुसऱ्याच्या विश्वात लिहिताना

मी मराठी मालिकांचे संवाद लिहिते. कथा एकाची असते, पटकथा दुसऱ्याची, आणि त्या दोघांनी ठरवलेल्या माणसांच्या तोंडी शब्द घालायचं काम माझं. पात्रं वाहिनीच्या मालकीची. त्यांची नावं, नाती, कुणी कुणावर कधी रुसायचं आणि कधी माफ करायचं, हे सगळं बैठकीत ठरून माझ्यापर्यंत येतं. संध्याकाळी वनलाइन, म्हणजे प्रसंगांचा थोडक्यात आराखडा, हातात पडते, रात्रीतून सीन लिहून पाठवायचे असतात आणि सकाळी फ्लोअरवर मेकअप करून घेता घेता कलाकार ते मोबाइलवर वाचून पाठ करत असतात. बरीच वर्षं मी हे करते आहे आणि मनापासून करते आहे.

या कामाकडे बघायला मला ज्या पुस्तकांनी शिकवलं, त्यांचं नाव साहित्याच्या चर्चेत सहसा कुणी घेत नाही. इंग्रजीत त्यांना टाय-इन कादंबऱ्या म्हणतात. एखादी गाजलेली मालिका किंवा सिनेमा असतो, त्याचे हक्क एका कंपनीकडे असतात. त्या कंपनीच्या परवानगीने, त्याच पात्रांना घेऊन, एक लेखक नवी कादंबरी लिहितो. पात्रं त्याची नाहीत, जग त्याचं नाही, आणि बहुतेक करारांमध्ये लिहून झालेल्या कादंबरीचा कॉपीराइटही त्याच्याकडे राहत नाही. माझ्या कामाशी याचं इतकं जवळचं नातं आहे, की पहिली टाय-इन कादंबरी वाचताना मी गोष्टीइतकीच तिच्या लेखिकेची अडचण वाचत होते.

ती कादंबरी म्हणजे डाएन ड्युएन यांची ‘डार्क मिरर’. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकन मालिकेवरची ही कादंबरी पॉकेट बुक्सने डिसेंबर १९९३मध्ये काढली. मला तिची वापरलेली प्रत फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली. मालिका पाहिलेली होती, पात्रं ओळखीची होती, गोरेगावपर्यंतच्या लोकल प्रवासात वाचायला बरी, म्हणून घेतली. वाचायला लागले आणि कळलं की ही समांतर विश्वाची गोष्ट आहे. आपल्याच माणसांची, पण वेगळ्या वळणाने गेलेली.

या विश्वाचा उगम जुना आहे. ६ ऑक्टोबर १९६७ रोजी मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिकेचा ‘मिरर, मिरर’ हा एपिसोड प्रक्षेपित झाला. लेखक जेरोम बिक्सबी. कप्तान कर्क, डॉक्टर मकॉय, अभियंता स्कॉट आणि उहुरा हे चौघे एका ग्रहावरून आपल्या ‘एंटरप्राइज’ जहाजावर परतत असतात. अवकाशात आयन वादळ उठलेलं असतं. ते जहाजावर उतरतात, पण ते जहाज दुसरंच असतं. भिंती त्याच, माणसं तीच. पण इथे शांततेसाठी एकत्र आलेल्या ग्रहांच्या फेडरेशनऐवजी साम्राज्य आहे. वरच्या अधिकाऱ्याला ठार मारलं की खालच्याला बढती मिळते. कामात कसूर झाली की शिक्षा म्हणून वेदना देणारं यंत्र अंगाला लावतात. कर्कचा विश्वासू सहकारी स्पॉक तिथेही आहे. त्याला दाढी आहे आणि तो साम्राज्याचा नोकर आहे, पण तर्काशी त्याचं इमान तिथेही शाबूत आहे. म्हणूनच निघता निघता कर्क त्याच्याशी वाद घालू शकतो की हे साम्राज्य टिकणारं नाही, तुझ्याच तर्काने हे तुला दिसायला हवं.

समांतर विश्वांचा विचार विज्ञानातही झालेला होता. ‘मिरर, मिरर’च्या आधी दहा वर्षं, १९५७मध्ये, ह्यू एव्हरेट या प्रिन्स्टनच्या तरुण संशोधकाने पुंजभौतिकीचा एक वेगळा अर्थ मांडला होता. मोजमापाच्या क्षणी अनेक शक्यतांपैकी एकच खरी ठरते असं न मानता, सगळ्याच शक्यता आपापल्या शाखेत पुढे चालू राहतात असं मानता येईल, हा त्याचा गाभा. एव्हरेटच्या या शाखांमध्ये ये-जा होत नाही. एकदा वेगळ्या झाल्या की त्यांची गाठ पडत नाही. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना मात्र गाठ हवी असते, कारण गाठ पडल्याशिवाय सीन घडत नाही. म्हणून वादळ, यंत्रातला बिघाड, एखादी भेग, असं काहीतरी मधे आणून ते दार उघडतात.

हे दार टाय-इन लेखकाला का लागतं, ते त्याच्या बांधलेल्या हातांकडे बघून कळतं. आधी कथेचा आराखडा हक्कदार कंपनीकडून मंजूर करून घ्यायचा, मग हस्तलिखित. आणि मालिका चालू असेल तर एक अलिखित नियम सगळ्यांवर असतो. कादंबरी जिथे संपेल तिथे पात्रं सुरुवातीला होती तशीच परत उभी असली पाहिजेत. कुणी मरायचं नाही, कुणी लग्न करायचं नाही, कुणी नोकरी सोडायची नाही. कारण पुढच्या आठवड्यात तीच माणसं पडद्यावर यायची आहेत आणि तिथल्या लेखकांनी ही कादंबरी वाचलेलीही नसते. चारशे पानं लिहायची आणि कुणाच्याही आयुष्यात कायमचा बदल करायचा नाही, हे किती कठीण आहे हे रोजच्या मालिकेत काम केलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडेही दिवाळीचा किंवा गणपतीचा विशेष भाग लिहायला सांगतात तेव्हा हीच अट असते. खूप काही घडल्यासारखं वाटलं पाहिजे, पण मुख्य ट्रॅक जिथे होता तिथेच राहिला पाहिजे.

समांतर विश्वात ही अट सैल होते. ‘नेक्स्ट जनरेशन’मधल्या ‘एंटरप्राइज’चा कप्तान पिकार्ड घ्या. तिथला पिकार्ड आपला पिकार्ड नाही, म्हणून त्याच्या हातून काहीही घडू शकतं. ड्युएन यांनी या मोकळिकीचा उपयोग कसा केला, ते पाहण्यासारखं आहे. हाणामारी, पाठलाग, तांत्रिक डावपेच हे सगळं कादंबरीत आहेच. साम्राज्याचं ‘एंटरप्राइज’ आपल्या जहाजाला त्या विश्वात ओढून आणतं, कारण आपली माणसं नाहीशी करून त्यांच्या जागी स्वतःची माणसं पाठवायचा त्यांचा बेत असतो. तो हाणून पाडायला कप्तान पिकार्ड, सल्लागार डिआना ट्रॉय आणि अभियंता जॉर्डी ला फोर्ज त्या दुसऱ्या जहाजावर गुपचूप जातात. मला मात्र हे सगळं बाजूला ठेवून पुस्तकांचा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

पिकार्ड वाचणारा माणूस आहे. मालिकेत त्याच्या खोलीत शेक्सपिअर असतोच. या कादंबरीत तो त्या दुसऱ्या विश्वातला शेक्सपिअर उघडून वाचतो. नाटकं तीच, पात्रंही तीच, पण आतली करुणा कुणीतरी काढून घेतल्यासारखी. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या खटल्यात दयेचं नावही उरलेलं नाही. पिकार्ड वाचत राहतो आणि त्याच्या लक्षात येतं की या जगाचं बिनसलं ते अलीकडच्या एखाद्या युद्धात किंवा एखाद्या हुकूमशहामुळे नाही. ते कित्येक शतकं मागे, माणसं गोष्टी कशा सांगत होती, तिथपर्यंत गेलेलं आहे. एखाद्या समाजाचं काय चुकलं हे शोधायला जहाजाचा कप्तान त्यांची शस्त्रं मोजत नाही, त्यांची नाटकं वाचतो. दुसऱ्याच्या मालकीच्या पात्रांवर, मंजूर आराखड्यात राहून, एक लेखिका साहित्याविषयी इतकं मोठं विधान करते आहे, हे बघून मला फार बळ मिळालं.

आपल्याकडे समांतर विश्वाची जी गोष्ट सगळ्यांना आठवते ती जयंत नारळीकरांची, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तिच्यातला फाटा अगदी नेमका आहे. १७६१च्या रणांगणावर विश्वासरावांना लागलेली गोळी त्या दुसऱ्या विश्वात चाटून जाते आणि पुढचा सगळा इतिहास बदलतो. नारळीकर शास्त्रज्ञ होते. एका सूक्ष्म कारणातून केवढा मोठा परिणाम निघतो, हे त्यांना दाखवायचं होतं. ड्युएन उलट्या बाजूने येतात. त्यांच्या जगात एक गोळी, एक तारीख असं काही बोट ठेवायला मिळत नाही. एक नैतिक गुण हळूहळू आटत गेला आणि त्याचा परिणाम हजार जागी दिसतो आहे. या दोन्ही पद्धती मला लेखक म्हणून उपयोगी पडल्या. कथानकाला वळण द्यायचं असेल तेव्हा मी गोळी शोधते. पात्र बदललेलं दाखवायचं असेल तेव्हा गोळी पुरत नाही.

हे मला ट्रॉयच्या प्रसंगांनी शिकवलं. आपल्या मालिकेतली ट्रॉय जहाजावरची समुपदेशक आहे. तिला समोरच्याच्या भावना जाणवतात आणि त्या जाणिवेने ती माणसांना सावरते. साम्राज्याच्या जहाजावरची ट्रॉय सुरक्षा अधिकारी आहे. तिलाही भावना जाणवतात, तितक्याच बारकाईने. भीती कुठे आहे, लाज कुठे आहे, कुणाला काय लपवायचं आहे, हे तिला कळतं आणि ती नेमकं तिथेच बोट खुपसते. ड्युएन लेखिका होण्याआधी मनोरुग्ण विभागात परिचारिका होत्या. दुसऱ्याच्या मनाचं ऐकून घेणं म्हणजे काय, हे त्यांना कामातून माहीत होतं आणि त्याच ऐकण्याचं हत्यार कसं होऊ शकतं याचा विचार त्यांनी केलेला दिसतो. दोन्ही ट्रॉयची क्षमता सारखीच. फरक फक्त ती कशासाठी वापरायची, इतकाच. म्हणूनच दोघी समोरासमोर आल्या की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. दुष्ट ट्रॉय परकी वाटली असती तर आला नसता.

हे वाचून झाल्यावर काही काळाने माझ्याकडे हमशकलचा ट्रॅक आला. मराठी मालिकेत हे वळण कधी ना कधी येतंच. शांत, सोशीक नायिका, आणि अचानक तिच्यासारखीच दिसणारी दुसरी बाई घरात शिरते. आली की ती भडक लिपस्टिक लावते, मोठ्याने हसते, पायावर पाय टाकून बसते. वनलाइनमध्ये तेच होतं. मी पटकथाकाराला फोन केला आणि म्हटलं, हिला थोडं वेगळ्या बाजूने लिहून बघू का? तो म्हणाला, प्रसंग बदलू नकोस, बाकी तुझं तू बघ. मला तेवढं पुरेसं होतं.

आमच्या नायिकेचा एक शब्द ठरलेला होता. घरात कुणीही बाहेरून आलं की ती पहिलं विचारायची, “जेवलास का?” प्रेक्षकांना तो माहीत झाला होता. मी ठरवलं की दुसरीही हेच विचारणार. फक्त पहिली विचारते ती पानात वाढायला. दुसरी विचारते ती समोरचा कुठून आला, कुणाबरोबर होता, तिथे किती वेळ बसला, हे काढून घ्यायला. प्रश्न तोच. पुढचा प्रश्न वेगळा. पहिली “जेवलास का?” म्हणून उत्तराची वाट न बघता ताट घ्यायला वळते. दुसरी उत्तराची वाट बघते.

सेटवर ती भूमिका करणारी मुलगी कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “ताई, इथे आवाज बदलू का? नाहीतर लोकांना कसं कळणार की ही ती नाही?” मी म्हटलं, “अगं, आवाज अजिबात बदलू नकोस. फक्त विचारून झालं की हलू नकोस, तिथेच उभी राहा.” दिग्दर्शकाने दोन्ही तऱ्हेने टेक घेतला. मॉनिटरवर पाहिलं तेव्हा फ्लोअरवरच्या सगळ्यांना दिसलं की न हलणारी बाई जास्त भीतिदायक आहे. लिपस्टिकचा रंग साधाच राहिला. सासऱ्यांच्या भूमिकेतल्या ज्येष्ठ नटांनी पुढच्या सीनमध्ये आपणहून उत्तर द्यायला एक क्षण जास्त घेतला आणि त्या एका क्षणाने घरातली हवा बदलली.

तो ट्रॅक लिहिताना मला नायिकेविषयी जे कळलं ते आधीच्या शेकडो सीनमधून कळलं नव्हतं. तिचा चांगुलपणा तिच्या शब्दांत नव्हता, कारण तेच शब्द दुसरीच्या तोंडी चालले. तो ताटाकडे वळण्यात होता. समांतर विश्वाच्या गोष्टीचं खरं काम हेच असावं, असं मला वाटतं. पात्राभोवतीचं सगळं बदलून बघायचं आणि काय हलत नाही ते शोधायचं. बिक्सबींच्या स्पॉकमध्ये तर्काचं इमान हललं नाही. ड्युएन यांच्या ट्रॉयमध्ये संवेदना हलली नाही, तिचा हेतू हलला. लेखकाच्या हाती मूळ पात्राची सूत्रं नसली, तरी या मार्गाने तो त्या पात्राविषयी काहीतरी नवं शोधून आणू शकतो.

पण ‘डार्क मिरर’ची गोष्ट पुस्तकाच्या शेवटच्या पानावर संपत नाही. तिचं पुढे जे झालं, त्याने मला जास्त विचार करायला लावला. पुस्तक आलं डिसेंबर १९९३मध्ये. मे १९९४मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ या ‘स्टार ट्रेक’च्याच दुसऱ्या मालिकेत ‘क्रॉसओव्हर’ हा एपिसोड आला आणि पडद्याने पहिल्यांदाच आरशातल्या विश्वात परत पाऊल टाकलं. तिथे वेगळाच इतिहास निघाला. कर्कच्या बोलण्याने दाढीवाला स्पॉक बदलला, सत्तेवर आला, त्याने सुधारणा केल्या, त्या सुधारणांनी साम्राज्य दुबळं झालं आणि क्लिंगॉन व कार्डेशियन या परग्रहवासी जमातींच्या युतीने ते जिंकून घेतलं. आता माणसंच गुलाम होती. ड्युएन यांच्या कादंबरीत कर्कच्या कितीतरी नंतर, पिकार्डच्या काळातही साम्राज्य ताठ उभं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नव्हतं, आणि असा प्रश्न आला की पडदा जिंकतो. अधिकृत कथा तीच, जी पडद्यावर दिसली. सहा महिन्यांच्या आत ही कादंबरी अधिकृत इतिहासाबाहेर गेली. समांतर विश्वाविषयीचं पुस्तक स्वतःच एक समांतर विश्व झालं.

माझ्या बाबतीतही असं झालेलं आहे. एका मालिकेचे सुरुवातीचे काही महिने मी संवाद लिहीत होते. नायिकेचे वडील वारलेले होते. त्यांच्या आठवणीचे सीन मी जीव ओतून लिहिले होते. त्यांचं शिलाईचं दुकान, मापं लिहिलेली वही, गिऱ्हाइकाच्या नावापुढे त्याचा स्वभाव एका शब्दात टिपून ठेवायची सवय, हे सगळं माझ्या हातचं होतं. पुढे वाहिनीने लेखकांची टीम बदलली. रेटिंग घसरलं होतं, काहीतरी मोठं घडायला हवं होतं, आणि एका गुरुवारच्या आकड्यांनंतर ठरलं की वडील जिवंत आहेत, इतकी वर्षं नाव बदलून राहत होते आणि त्यांना शिवणकामाचा गंधही नाही. मी ते टीव्हीवर पाहिलं. वही कुणी लिहिली होती याचं उत्तर नव्या कथेत नव्हतंच. मला दुःख झालं आणि ते बरेच दिवस राहिलं.

नंतर कऱ्हाडला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या आजींना कुणीतरी सांगितलं की ही त्या मालिकेची लेखिका. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “ते परत आलेले बाप आम्ही नाही धरत. आमच्यासाठी टेलरदादा गेले ते गेलेच. ती वही खरी.” मी त्यांना विचारलं, मग तुम्ही पुढचे भाग बघता का? म्हणाल्या, “बघते की. ते वेगळं.” त्यांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी नांदत होत्या आणि त्यात त्यांना काही अडचण वाटत नव्हती. कुठली अधिकृत, हा प्रश्न वाहिनीचा होता. कुठली आपली, हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. ‘डार्क मिरर’ आजही वाचणारे लोक हेच करतात. ‘क्रॉसओव्हर’ त्यांनी पाहिलेलं असतं आणि तरीही ट्रॉयचे ते प्रसंग त्यांच्यासाठी घडलेले असतात.

या प्रश्नाला टाय-इन लेखकांनी सगळ्यात धीट उत्तर दिलं ते २०२१मध्ये. त्याची पार्श्वभूमी अशी. २००२च्या ‘नेमेसिस’ या सिनेमानंतर पिकार्डच्या पुढच्या आयुष्याविषयी पडद्यावर बरीच वर्षं काही आलं नाही. ती जागा कादंबऱ्यांनी भरली. ‘डीप स्पेस नाइन’ची गोष्ट तर एस. डी. पेरी यांच्या ‘अवतार’पासून, म्हणजे २००१पासूनच, कादंबऱ्यांमध्ये पुढे चालू झाली होती. मालिका थांबलेली असल्यामुळे जुना नियम उरला नाही. माणसं मरू लागली, बढत्या मिळू लागल्या, पिकार्ड आणि डॉक्टर बेव्हर्ली क्रशर यांचं लग्न झालं, त्यांना मुलगा झाला. वेगवेगळे लेखक एकमेकांचे धागे सांभाळत जवळपास वीस वर्षं एकच मोठी गोष्ट लिहीत राहिले. मग जानेवारी २०२०मध्ये ‘स्टार ट्रेक : पिकार्ड’ ही नवी मालिका सुरू झाली. तिच्यात म्हातारा पिकार्ड फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यात एक कुत्रा घेऊन राहत होता. लग्न नाही, कादंबऱ्यांमधला तो मुलगा नाही. वीस वर्षांचं लेखन एका एपिसोडने बाद झालं.

‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत अशी वेळ २०१४मध्ये आली होती. तिथे कंपनीने जाहीर करून टाकलं की जुनी पुस्तकं यापुढे ‘लेजंड्स’ या नावाखाली विकली जातील, अधिकृत कथेत धरली जाणार नाहीत. ‘स्टार ट्रेक’च्या तीन लेखकांनी वेगळी वाट काढली. डेटन वॉर्ड, जेम्स स्वॉलो आणि डेव्हिड मॅक यांनी सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२१मध्ये एकेक करून तीन कादंबऱ्या आणल्या. त्या मालिकेचं नाव ‘कोडा’. तिच्यात कादंबऱ्यांमधल्या पिकार्डला आणि त्याच्या माणसांना कळतं की आपण ज्या काळात जगतो आहोत तो मूळ प्रवाहापासून तुटून निघालेला एक फाटा आहे. आपला फाटा चालू राहिला तर एक शत्रू त्याच्यातून बाकीच्या सगळ्या विश्वांपर्यंत पोहोचेल. बाकीच्यांना वाचवायचं तर आपला फाटा मुळापासून मिटवावा लागेल, इतका की तो कधी झालाच नव्हता असं व्हावं. आणि ते हे काम स्वीकारतात. वाचकांनी वर्षानुवर्षं सोबत केलेली माणसं एकामागून एक जातात, कुणी आपल्याला लक्षात ठेवणार नाही हे पुरतं ठाऊक असताना.

मी या तीन कादंबऱ्या सलग वाचल्या. कुठल्याही नव्या वाचकाला त्या जड जातील, इतके जुने धागे त्यांच्यात आहेत. पण एक व्यावसायिक म्हणून मला जे दिसलं ते थक्क करणारं होतं. मालकाने हुकूम केला होता की तुमचं जग आता धरलं जाणार नाही. त्या हुकमालाच या लेखकांनी कथानक बनवलं. तक्रारीचा एक शब्द न काढता त्यांनी आपल्या पात्रांना त्या हुकमासमोर ताठ उभं केलं आणि विचारलं की ज्याची नोंद कुठेच राहणार नाही, असं चांगलं काम माणूस का करतो? पात्रं जे उत्तर देतात ते लेखकांचंही उत्तर आहे. शेवटपर्यंत कामात कसूर न करणं, हेच ते. वीस वर्षं वाचलेल्या माणसांना त्यांनी निरोपाचा सोहळा मिळवून दिला. मूळ मालिकांनाही असा निरोप नेहमी मिळत नाही.

आमच्याकडे मालिका बंद व्हायची ठरली की निरोप द्यायला फार थोडे एपिसोड हातात असतात. सगळे गैरसमज दूर, खलनायिकेला पश्चात्ताप, देवघरासमोर एकत्र फोटो. ‘कोडा’ वाचल्यापासून मी एवढं करते की त्या घाईतही प्रत्येक लहान पात्राला एक तरी वाक्य असं मिळेल, जे फक्त त्यालाच म्हणता येईल, हे बघते. दारातल्या वॉचमनला, शेजारच्या काकूंना, दोन सीनपुरत्या आलेल्या वकिलाला. वाहिनी त्याला हरकत घेत नाही, कारण वाक्य छोटं असतं. कलाकार मात्र ते पाठ करून येतात.

परवान्यावर लिहिणाऱ्या लेखकांनी २००६मध्ये आपली संघटना काढली. ली गोल्डबर्ग आणि मॅक्स ॲलन कॉलिन्स हे तिचे संस्थापक. ‘स्क्राइब’ नावाचे पुरस्कारही ती देते. आपलं काम कमी प्रतीचं आहे असं त्यांनी मानलं नाही, आणि ते योग्यच केलं. जेम्स ब्लिश यांच्यासारखा, कादंबरीसाठी ह्यूगो पुरस्कार मिळवलेला लेखक १९६७पासून ‘स्टार ट्रेक’च्या एपिसोडांच्या कथा लिहीत होता. ‘मिरर, मिरर’चं पहिलं पुस्तकरूप त्यांच्याच हातचं. त्यांची ‘स्पॉक मस्ट डाय!’ ही १९७०ची कादंबरी मोठ्या वाचकांसाठीची पहिली स्वतंत्र ‘स्टार ट्रेक’ कादंबरी मानली जाते, आणि तिच्यातही स्पॉकची आरशातल्यासारखी उलटी प्रतिकृती आहे. दुसऱ्याच्या पात्राला हात लावायची मोकळीक मिळताच त्या लेखकाने पहिल्यांदा त्याचं प्रतिबिंबच घडवलं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

आपल्याकडे वाट बहुधा उलट्या दिशेची आहे. रणजित देसाईंची ‘स्वामी’ आधी कादंबरी म्हणून घराघरात पोहोचली आणि मग दूरदर्शनवर आली. मालिकेतून कादंबरी मात्र सहसा निघत नाही. मालिका संपते, सेट मोडतो, आणि लाखो लोकांनी रोज संध्याकाळी ज्यांच्याविषयी काळजी केली ती माणसं कुठेच उरत नाहीत. मला वाटतं, त्यांच्यावर पुस्तकं लिहिली जावीत. वाहिन्यांनी परवाने द्यावेत, प्रकाशकांनी ती जबाबदारीने काढावीत, आणि ती त्याच लेखकांकडून लिहून घ्यावीत ज्यांनी या पात्रांना रोज बोलतं ठेवलं. पडद्यावर जे वळण घेता आलं नाही ते कादंबरीत घेता येईल. वडील खरंच वारले असते तर, सून माहेरी परतलीच नसती तर, थोरल्या भावाने घर विकलं नसतं तर, हे सगळे फाटे आमच्या वह्यांमध्ये लिहिलेले पडून आहेत. प्रत्येक बैठकीत एक रस्ता निवडला जातो आणि चार सोडले जातात. सोडलेल्या चारांत पुष्कळदा चांगलं लेखन असतं, आणि ते वाचायला उत्सुक असलेला वाचकही आहे. मी स्वतः एका निर्मात्याला तसा प्रस्ताव लिहून दिला आहे. तो नाकारला गेला तर दुसऱ्याला देईन, कारण या माणसांवर माझा मालकी हक्क नसला तरी मी त्यांना ओळखते, आणि त्यांची उरलेली गोष्ट मला लिहायची आहे.